दोन मुळांचा सुळा

नववा दिवस होता. सुतकाच्या घरात सकाळी फारसं काम नसतं, तरी लंकाबाई साडेसहालाच ताट घेऊन तांदूळ निवडायला बसली होती. फोडणी द्यायची नाही, तळायचं नाही, देवाला हात लावायचा नाही. मग हातांनी करायचं काय? तांदूळ पाकिटातला, निवडूनच आलेला. नळाला पाइप लावता लावता सून पूजा दोनदा म्हणाली, "आई, त्यात काही नाही हो." दोन्ही वेळा लंकाबाई "असू दे" म्हणाली आणि बोटं चालू ठेवली.

कोपऱ्यात दिवा तेवत होता. तिचा नवरा नाथा जिथं गेला तिथंच तो ठेवला होता. लंकाबाई अधूनमधून उठून त्यात तेल घाली, वात पुढं सारी आणि पुन्हा ताटाशी येऊन बसे. आठ दिवसांत ती रडली नव्हती. नणंदेनं गळ्यात पडून तिला रडवायचा प्रयत्न केला, शेजारणी म्हणाल्या, "बाई, मोकळी हो, नाहीतर छातीत बसंल." तिला काहीच होत नव्हतं. दाढ काढण्याआधी भुलीचं इंजेक्शन देतात, मग ओठ जाड झाल्यासारखा वाटतो, चावला गेला तरी कळत नाही. तिला अंगभर तसं झालं होतं. आतून कुणी काही ओढतंय एवढं समजत होतं, दुखत मात्र नव्हतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. सुतकाच्या घराचं दार उघडंच असतं, माणसं नुसती खाकरून आत येतात. टकटक करणारा म्हणजे अनोळखी. पूजानं पाइप टाकून पाहिलं. दारात साठीचा एक गृहस्थ उभा होता. पांढरा सदरा, पायात रबरी चपला, डोक्यावर उपरणं. आणि उपरण्याखालचं डोकं भादरलेलं.

"अमोल गांगुर्डे इथेच राहतात ना? मी दिवाकर गायधनी, जेल रोडला असतो. आत येऊ का? म्हणजे, मी सुतकात आहे."

"या," लंकाबाई आतून म्हणाली. "आमच्यातबी सुतकच हाय. कोन कुनाला शिवायचं?"

ते जरासे हसले आणि भिंतीला टेकून खाली बसले. अमोल घरात नव्हता, उद्याच्या दहाव्यासाठी चुलत्यांना आणायला नांदगावला गेला होता, रात्री यायचा होता. हे ऐकल्यावर दिवाकरराव अडखळले. सांगावं की परत जावं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"मला सांगा," लंकाबाई म्हणाली. "मी त्याची आई हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई सुधाबाई, वय चौऱ्याऐंशी, नाथा गेला त्याच संध्याकाळी गेली. नदीकाठच्या स्मशानभूमीत शेडखाली चार ओटे आहेत. त्या रात्री मधल्या दोन ओट्यांवर शेजारी शेजारी दोन चिता होत्या, एक सुधाबाईंची, एक नाथाची. वीज गेलेली, धूर, माणसांची गर्दी. दिवाकररावांना भाच्यानं हाताला धरून नेलं, हाताला धरून आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते राख सावडायला गेले, तेव्हा राखणदारानं लांबूनच सांगितलं, उजवीकडून दुसरा. त्यांनी उजवीकडून दुसऱ्या ओट्यावरच्या अस्थी मडक्यात भरल्या. त्यांच्यानंतर तासाभरानं अमोल गेला आणि जो ओटा उरला होता तो त्यानं सावडला.

"काल दाखला आणायला गेलो. वहीत आईच्या नावापुढे ओटा तीन लिहिलंय. मी खांबावरचा आकडा पाहिला. मी सावडला तो दोन." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "राखणदार नदीकडे पाठ करून उभा होता, मी फाटकातून येत होतो. त्याचा उजवा हात तो माझा डावा, हे तेव्हा सुचलंच नाही. बँकेत पस्तीस वर्षं काढली मी."

"होतं तसं," लंकाबाई म्हणाली. "आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवत्यात. उजवं म्हंजी बघनाऱ्याचं नाय, खुर्चीत बसलेल्याचं. तरी दर साली दोघं-तिघं चुकतात."

"पण वहीतच चूक असेल तर? तो म्हणतो, गर्दीत कधी कधी वहीत उलटंसुलटं होतं. छातीवर हात ठेवून सांगत नाही. तुमचं विसर्जन..."

"झालं. त्याच दिवशी. रामकुंडावर."

"आमचं मडकं अजून झाडाला टांगलेलं आहे. मुलगी इरा बाहेरदेशी असते, आज संध्याकाळी पोचतेय. ती आल्यावर उद्या दहाव्यालाच सोडायचं ठरलं होतं." ते जरा पुढं सरकले. "ताई, मला तुमच्याकडून काही नकोय. उद्या मी नदीत कोणाला सोडणार आहे, एवढंच कळलं तर बरं. पण ते आता कुणाला कळणार?"

लंकाबाईनं ताट बाजूला सारलं. "तुमच्या आईला दात होते?"

दिवाकरराव तिच्याकडे बघतच राहिले. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असावा असं त्यांना वाटलं असेल, तर त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"आईंना त्यातलं कळतं," पूजा दारातून म्हणाली.

कळत होतं ते असं. शहराबाहेरच्या एका डेंटल कॉलेजात लंकाबाई तीस वर्षं मावशी होती. झाडू-पोछा तिचा नव्हता. तिच्याकडे दात होते. गावोगावच्या दवाखान्यांतून काढलेले दात डब्यांतून, बरण्यांतून कॉलेजात यायचे, पोरांनी हाताळून शिकावं म्हणून. ते औषधात बुडवायचे, चिकटलेलं खरवडायचं, धुऊन वाळवायचे आणि वेगवेगळ्या बाटल्यांत भरायचे. शाळा चौथीपर्यंतची. पहिल्या वर्षी तिला सगळे दात सारखेच दिसत. मग एक वयस्कर सर होते, त्यांनी सांगितलं, "मावशी, वरचा भाग बघू नका. वरचा भाग किडतो, झिजतो, तुटतो. मूळ बघा. मूळ खोटं बोलत नाही."

तेव्हापासून ती मुळं बघायला लागली. पुढच्या पटाशीच्या दातांना एकच सरळ मूळ. सुळ्यालाही एकच, पण सगळ्यांत लांब. वरच्या पहिल्या उपदाढेला दोन, बारीक, काडीसारखी. खालच्या दाढेला दोन चपटी, एकामागं एक. वरच्या दाढेला तीन, दोन गालाकडं आणि एक टाळ्याकडं, तिवईसारखी. टेबलावर ठेवली तर उभी राहते. आणि बहुतेक मुळांची टोकं मागं, घशाच्या बाजूला वळलेली, त्यावरून दात डावीकडचा की उजवीकडचा ते कळतं. आपोआप पडलेल्या दुधाच्या दाताला मूळच उरत नाही, खालचा नवा दात ते विरघळवून वर येतो. मूळ असलेला दुधाचा दात आला की तो वेळेआधी उपटलाय, हे लंकाबाई बाटलीत टाकता टाकता सांगे. सात-आठ वर्षांत ती न बघता, नुसती चिमटीत फिरवून दात ओळखू लागली. परीक्षेच्या आधी पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून बसत. "मावशी, ही सांगा." ती डोळे मिटून सांगे, "वरची, उजवी, पहिली." पोरं टाळ्या वाजवत.

तिला स्वतःला सगळ्यांत आवडलेली गोष्ट निराळीच होती. दात जबड्याच्या हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामधे केसाहून बारीक धागे असतात, त्यांनी तो खड्ड्यात टांगलेला असतो, झोळीत मूल असावं तसा. म्हणून तर भातातला एवढासा खडा लगेच कळतो. वरचं पांढरं कवच काचेसारखं कडक आणि मुकं, त्याला काही कळत नाही. जे काही कळतं ते आतल्या नसेला आणि खालच्या धाग्यांना. हे तिनं नाथाला सांगितलं होतं. नाथा नाशिक रोडच्या मालधक्क्यावर हमाल होता, तंबाखूचा बार भरून बसलेला. तो म्हणाला होता, "मंग माझे धागे उसवले म्हनायचे."

उसवलेच होते. कॉलेजात घरच्या माणसांना फुकट बघत, त्यामुळे नाथाचे दात शिकाऊ पोरांनी वीस वर्षांत एकेक करून काढले. कधी कधी तोच दात चार दिवसांनी लंकाबाईच्या टेबलावर येई. खालची, डावी, दुसरी, असं म्हणून ती तो धुऊन बाटलीत टाकी, वेगळं काही न वाटता. नाथाला त्याची मोठी गंमत. "निम्मा मी तुझ्या बाटल्यांत हाय," तो म्हणे, "भांडलीस तर तिकडंच ऱ्हायला जाईन."

शेवटी एकच दात उरला. खालचा, उजवा सुळा. तोही काढायचा म्हणून एक्स-रे घेतला तर सगळे गोळा झाले. सुळ्याला एक मूळ असतं, याला दोन होती. बुंधा सुळ्याचाच, लांब आणि जाड, पण शेवटाकडं जाता जाता फुटलेला, एक फाटा गालाकडं, एक जिभेकडं. शेकड्यात पाच-सहा जणांचा असा असतो, सर म्हणाले. त्यांनी तो एक्स-रे भिंतीवर मोठा करून वर्गाला दाखवला आणि सुळा काढू नका म्हणून सांगितलं. चांगला घट्ट आहे, खालची कवळी त्याच्या आधारानं बसेल. नाथा पहिल्या बाकावर बसून स्वतःचा दात बघत होता. त्या दिवशी तो घरी येऊन तिला म्हणाला, "शंभर पोरं माझ्याकडं बघत व्हती. लग्नातबी एवढी नव्हती बघत."

"आईचे सगळे दात शाबूत होते," दिवाकरराव म्हणाले. "चौऱ्याऐंशीव्या वर्षी ऊस दातांनी सोलायची. एकही पडला नव्हता."

"मंग चला," लंकाबाई उठली. "पूजा, अमोलला फोन करू नको. ही फोनवर सांगायची गोष्ट नाय."

रिक्षात लंकाबाई बाहेर बघत होती. शाळेची मुलं, दूधवाले, नोटांच्या प्रेसच्या पहिल्या पाळीला निघालेल्या स्कूटर. मनातल्या मनात ती एकच गोष्ट धरून होती. त्या मडक्यात पुष्कळ मुळं निघावीत, दाढांची, उपदाढांची, म्हातारीच्या शाबूत जबड्याची. म्हणजे वहीत चूक, दिवाकरराव बरोबर, आणि अमोलनं रामकुंडावर सोडला तो त्याचा बापच. मग काहीच बिघडलेलं नव्हतं. अमोलला काही सांगायचं नव्हतं.

राख सावडायला ती गेली नव्हती. "बायका येत नाहीत," दीर म्हणाले आणि ती बसून राहिली. गेली असती तर एका नजरेत कळलं असतं.

दिवाकररावांचं घर बैठं होतं, मागं अंगण, अंगणात जांभळाचं झाड. झाडाच्या खालच्या फांदीला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं मडकं टांगलेलं. त्यांची बायको अंजली पदराला हात पुसत बाहेर आली. लंकाबाईनं धुतलेलं पांढरं फडकं मागितलं आणि परात. अंजली क्षणभर थांबली, कुठली परात द्यावी या विचारात. मग आतून रोजची कणकेचीच घेऊन आली.

"बोलू का एक?" अंजली म्हणाली. "सहा दिवस मी रोज इथे येऊन बोलतेय. सासूबाई, कपाटाच्या किल्ल्या कुठे ठेवल्यात, एकदा स्वप्नात येऊन सांगा. तुमचेच यजमान असतील तर काय म्हणत असतील."

"काय म्हनायचेत," लंकाबाई म्हणाली. "किल्ल्या त्यांना आयुष्यात कधी सापडल्या नाहीत."

अंजलीला हसू आलं आणि तिनं ते लगेच दाबलं. दिवाकरराव हसले नाहीत. त्यांनी स्वतः गाठ सोडली, मडकं दोन्ही हातांनी उतरवलं आणि परातीत पसरलेल्या फडक्यावर हळूहळू ओतलं.

राख थोडीच होती, बाकी हाडांचे तुकडे, पांढरे, करडे, काही निळसर. लंकाबाई मांडी घालून बसली. तिनं हात धुऊन कोरडे केले होते. ती एका कडेनं सुरू झाली, तांदूळ निवडावेत तशी, चिमटीनं तुकडा उचलायचा, फिरवायचा, पलीकडं ठेवायचा. घाई नाही. दिवाकरराव समोर उकिडवे बसले.

"आगीत दात राहतात का पण?"

"वरचं कवच फुटून उडतं. मूळ हाडात रोवलेलं असतं, ते ऱ्हातं. ठिसूळ व्हतं, पन ऱ्हातं."

बराच वेळ काही निघालं नाही. जबड्याचा एक तुकडा निघाला, बोटाएवढा. त्याची कड तिनं अंगठ्यानं चाचपली. गुळगुळीत होती. दात असलेल्या जबड्यात खड्डे असतात. दात जाऊन वर्षं लोटली की खड्डे भरून येतात आणि कड अशी होते, नदीतल्या गोट्यासारखी. तिनं तो तुकडा खाली ठेवला. एखादा तुकडा असा असूही शकतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग राखेच्या तळाशी बोटाला काहीतरी लागलं. नखाएवढं लांब, करडं. तिनं ते उचललं, आणि बघायच्या आधीच बोटांना कळलं. जाड बुंधा. खाली जाता जाता फुटलेली दोन टोकं.

ती ते फिरवत राहिली. उपदाढेलाही दोन मुळं असतात. पण तिची बारीक, आणि बरीच वर फुटतात. हा बुंधा उपदाढेचा नव्हता. तिनं पुन्हा फिरवून पाहिलं, कुठं आपलं चुकतंय का ते शोधायला. तीस वर्षांत तिला पहिल्यांदाच आपण चुकावं असं वाटत होतं.

"सापडला?" दिवाकरराव म्हणाले. "एकच आहे, पण बाकीचे तिथेच राखेत राहिले असतील. माझी नजर काही धड नव्हती त्या दिवशी." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "आईचाच ना?"

त्यांना ते हवं होतं. लंकाबाईला दिसत होतं की या माणसाला आता फक्त एक 'हो' हवाय. हो म्हटलं की तो उठेल, मडकं पुन्हा बांधेल, संध्याकाळी पोरीला घेऊन येईल, उद्या नदीवर जाईल. इरा आजीला सोडेल. अमोलला कधी कळणार नाही. नाथाचं काय? नाथा दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या नावानं वाहून जाईल, आणि ते माहीत असलेली जगात एकटी लंकाबाई. तिला ते जमलं असतं. गेले नऊ दिवस तिला काही दुखतच नव्हतं, हेही दुखलं नसतं.

तिनं तळवा पुढं केला.

"नाय दादा. हे अमोलचे अण्णा हायेत." मग तिनं दोन्ही टोकं नखानं दाखवली, वर्गात पोरांना दाखवावीत तशी. "खालचा, उजवा सुळा. त्याला एक मूळ असतं. ह्याला दोन हायेत. त्यांच्या तोंडात एवढा एकच दात व्हता, आनि तो हाच."

दिवाकरराव वाकून बघत राहिले. ते मागं सरले नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं.

"म्हणजे आई गेली," ते म्हणाले. "सहा दिवसांपूर्वीच."

"रामकुंडावर गेली. सकाळचे अकरा वाजले व्हते. पानी चांगलं व्हतं." ती अमोलनं सांगितलेलं सगळं आठवून आठवून सांगू लागली, कारण आता ते त्यांचं होतं. "गुर्जींनी सगळं नीट केलं. अमोल पान्यात उतरला. माझी लेक सुरतेहून आलेली, तिनं फुलं सोडली. अमोल लय रडला. त्याला मामांनी धरून वर आनला."

"रडला?"

"लय. मला सगळे सांगत व्हते."

दिवाकररावांनी उपरणं तोंडावर घेतलं. त्यांच्या आईसाठी मालधक्क्यावरच्या हमालाचा पोरगा पाण्यात उभा राहून रडला होता, आणि ते स्वतः अजून रडले नव्हते. ते आता रडले. अंजली त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. लंकाबाई परातीशी बसून होती. आपल्याला काही होतंय का, ते तिनं पाहिलं. आत कुठंतरी एक बारीकसा धागा ताणल्यासारखं झालं, इतकंच.

तिनं तुकडे एकेक करून मडक्यात भरले. जबड्याचा तुकडा, मग सुळा. फडकं झटकून राखही आत घातली. अंजलीनं गाठ मारायला मदत केली.

"मला माफ करा हं," अंजली हळूच म्हणाली. "रोज सकाळी मी इथे चहा ठेवत होते. सासूबाईंना साखरेचा आजार, म्हणून बिनसाखरेचा. तुमच्या यजमानांना सहा दिवस तसाच मिळाला."

लंकाबाईनं तिच्याकडं पाहिलं. नाथा चहात दोन चमचे साखर घालायचा आणि तिची पाठ वळली की तिसरा.

दिवाकररावांनी तोंड पुसलं आणि मडक्याला हात घातला. "मी रिक्षा बोलावतो. तुमच्याकडे पोचवून देतो. अमोलरावांशी मी स्वतः बोलतो."

"नको. अमोल रात्री येईल, मीच सांगंन. उद्या घाटावर जाताना तो इथून घेऊन जाईल. तुम्हीबी या संगं, इराला घेऊन." ती उठली, गुडघ्यावर हात देऊन. मडकं पुन्हा त्याच फांदीला टांगलेलं तिनं पाहिलं. मग अंजलीकडं वळली.

"उद्या सकाळी चहा ठेवाल तर साखर घालून ठेवा."